वर्षाला ५२ हजार दावे, त्यातले आपले किती?

‘सुप्रीम कोर्ट’ हा शब्द आपल्या घरात बहुधा भांडणातच येतो. जिन्यातल्या चपलांवरून किंवा गच्चीतल्या दोरीवरून शेजाऱ्यांशी वाद झाला, की कुणीतरी ठसक्यात म्हणतं, “जा, सुप्रीम कोर्टापर्यंत जा, आम्ही नाही घाबरत!” तेवढंच. बाकी ते कोर्ट म्हणजे दिल्लीतला एक मोठा घुमट, वर्तमानपत्रातला फोटो आणि मंत्र्यासंत्र्यांचे खटले. आपला काय संबंध?

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. नागरिकशास्त्राचे दोन तास माझ्याकडे असतात. न्यायसंस्थेचा धडा चालू असताना आठवीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, तिथे वर्षाला किती केसेस चालतात?” पुस्तकात न्यायाधीश किती ते दिलेलं आहे, किती वर्षांचे होईपर्यंत काम करतात तेही दिलेलं आहे, पण हे नाही. प्रश्न इतका साधा, की उत्तर एका ओळीत मिळेल असं वाटलं. मिळालं ते असं, की दुपारचा चहा गार झाला तरी मी वाचतच बसले. त्यातला निम्मा भाग तर थेट आपल्या, म्हणजे लग्न झालेल्या बायकांच्याच, कामाचा निघाला. म्हणून म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

आधी आकडा सांगते. २०२३ साली १ जानेवारीपासून १५ डिसेंबरपर्यंत आपल्या सर्वोच्च न्यायालयात ४९,१९१ प्रकरणं नव्याने दाखल झाली आणि ५२,१९१ निकालात निघाली. म्हणजे आली त्यापेक्षा तीन हजार जास्त संपवली. वाचून बरं वाटतं ना? पण शिल्लक पाहिली की बरं वाटणं ओसरतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पडून असलेल्या प्रकरणांचा आकडा ८८ हजारांच्या वर गेला होता. घरात रोज भांडी घासूनही मोरी भरलेलीच दिसावी, तशातली गत.

आता हे कुठून कुठे आलं ते पाहा. हे न्यायालय २८ जानेवारी १९५० ला सुरू झालं, प्रजासत्ताक दिनानंतर दोन दिवसांनी. तेव्हा त्याला स्वतःची इमारतसुद्धा नव्हती. संसद भवनातल्या एका दालनात ते बसायचं. आजच्या जागेत, टिळक मार्गावर, ते १९५८ साली आलं. (हो, आपल्या लोकमान्यांच्याच नावाचा रस्ता. राजद्रोहाच्या खटल्यात ज्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्यांच्या नावाच्या रस्त्यावर देशाचं सर्वांत मोठं कोर्ट आहे, हे मला तरी फार आवडलं.) पहिल्या वर्षी तिथे १,२१५ प्रकरणं आली, ५२५ निकाली निघाली आणि ६९० उरली. सरन्यायाधीश धरून आठ न्यायाधीशांची सोय घटनेत होती आणि सुरुवातीला ते सगळे एकत्र बसून ऐकत असत.

पुढे माणसं वाढत गेली. १९५६ साली अकरा, १९६० साली चौदा, १९७७ च्या कायद्याने अठरा, १९८६ ला सव्वीस, २००९ ला एकतीस, आणि २०१९ पासून चौतीस. घरात पाहुणे वाढले की आपण कणीक वाढवतो तसंच हे. पण गंमत अशी, की न्यायाधीश चौपटीने वाढले आणि दावे चाळीसपटीने.

एका दिवसाचं गणित

तुम्ही म्हणाल, बावन्न हजार म्हणजे नेमके किती ते डोळ्यांपुढे येत नाही. मलाही आलं नव्हतं. मग मी वहीत हिशेब मांडला, दुधाचा मांडते तसा.

कोर्टाच्या सुट्या वगळल्या तर कामाचे दिवस वर्षाकाठी साधारण एकशेनव्वद. म्हणजे दिवसाला सुमारे पावणेतीनशे प्रकरणं संपली पाहिजेत. न्यायाधीश सहसा दोघे-दोघे बसतात. चौतीसच्या चौतीस जागा भरलेल्या असल्या तर सतरा जोड्या होतात. तेव्हा प्रत्येक जोडीने रोज सोळा प्रकरणांचा शेवट करायचा. आणि हे झालं फक्त शेवटाचं. ज्यांना नुसतीच पुढची तारीख मिळते, ज्यांत नोटीस निघते, ज्यांत वकील आजारी असतात, ती प्रकरणं वेगळीच.

पूर्वापार पद्धत अशी, की सोमवार आणि शुक्रवार हे नवीन अर्ज ऐकायचे दिवस. त्या दिवशी एकेका न्यायपीठाच्या बोर्डावर साठ-सत्तर प्रकरणं असतात. न्यायालय साडेदहाला बसतं, एक ते दोन जेवणाची सुट्टी, चारला उठतं. झाले साडेचार तास. दोनशेसत्तर मिनिटांत साठ प्रकरणं धरली, तर एकाला साडेचार मिनिटं येतात. कुकरच्या दोन शिट्या व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. काहींना पाच मिनिटं मिळतात, काहींना एकच. अर्थात न्यायाधीश कागद आदल्या दिवशी घरी वाचून येतात. परीक्षेच्या पेपरांचे गठ्ठे आम्ही रात्री घेऊन बसतो, तसं त्यांचंही चालत असणार. पण गावाकडून जमीन विकून दिल्ली गाठलेल्या माणसाच्या दृष्टीने साडेचार मिनिटं ती साडेचारच मिनिटं.

इथे एक शब्द नीट समजून घ्यायला हवा. आपण सगळ्यालाच ‘केस चालली’ म्हणतो. पण सुप्रीम कोर्टात बहुतेक प्रकरणांत केस चालतच नाही. ती चालवायची की नाही एवढंच आधी ठरतं. याला विशेष अनुमती याचिका म्हणतात, वकिलांच्या भाषेत एस.एल.पी. घटनेच्या १३६ व्या कलमाने हा दरवाजा ठेवलेला आहे. हायकोर्टाचा निकाल पटला नाही, तर नव्वद दिवसांच्या आत ‘मला अपील करू द्या’ अशी परवानगी मागायची. बहुतेकांना ती पहिल्या-दुसऱ्या वेळीच नाकारली जाते. २०२३ च्या त्या ५२,१९१ मध्ये अशा किरकोळ म्हणजे प्रवेशाच्या पायरीवरच्या प्रकरणांचा वाटा ४५,६४२ होता. नीट, सविस्तर ऐकून संपवलेली नियमित प्रकरणं फक्त ६,५४९. तेव्हा मुलीच्या प्रश्नाचं खरं उत्तर ‘किती ऐकली’ असं विचाराल तर साडेसहा हजार, आणि ‘किती हातावेगळी केली’ म्हणाल तर बावन्न हजार.

हा दरवाजा किती उघडा ठेवायचा, याबद्दल १९५० मध्येच एका निकालात कोर्टाने म्हणून ठेवलं होतं, की हा अधिकार अपवादानेच आणि हात राखून वापरावा. हात राखणं काही जमलं नाही. एकदा शेजारणीला वाटीभर साखर दिली, की दुसरीला नाही कशी म्हणणार?

अमेरिकेचं कोर्ट आणि आपलं

अमेरिकेत जे सर्वोच्च न्यायालय आहे, त्याचं वागणं अगदी उलट. तिथे १८६९ पासून न्यायाधीश नऊच. नऊच्या नऊ एकत्र बसतात, जोड्या वगैरे काही नाही. अलीकडे त्यांच्याकडे वर्षाला चार-पाच हजार अर्ज येतात आणि त्यातून ते निवडतात किती? साठ-सत्तर! नऊपैकी चौघांना वाटलं तरच प्रकरण ऐकायला घेतात. बाकीच्यांना एका ओळीत नकार, कारणही देत नाहीत. घेतलं की मात्र प्रत्येक बाजूला साधारण अर्धा तास बोलायला देतात. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी बसतात आणि जून संपता संपता वर्षाचे निकाल देऊन मोकळे होतात. शिल्लक जवळजवळ नाहीच.

हे त्यांना आपोआप मिळालेलं नाही. त्यांच्याकडेही पूर्वी ढीग साचत होते. १९२५ साली कायदा करून आपल्याला हवी तीच प्रकरणं घ्यायची मोकळीक त्यांनी मिळवली, आणि १९८८ मध्ये उरलीसुरली सक्तीची अपीलंही बहुतेक गेली. १९८० च्या सुमारास ते वर्षाला दीडशेच्या आसपास ऐकत, आता त्याच्या निम्मीही नाहीत.

वाचताना पहिल्यांदा मला त्यांचा हेवाच वाटला. काय सुटसुटीत संसार! मग विचार केला, की ते कोर्ट साठ दावे ऐकतं ते देशाचा कायदा काय हे सांगण्यासाठी. कुणा एकाचं अश्रू पुसण्यासाठी नव्हे. नवरा-बायकोची भांडणं तिथे सहसा आपापल्या राज्यातच संपतात. आपल्या कोर्टाने मात्र दोन्ही कामं अंगावर घेतली. देशाची घटनाही सांभाळायची आणि दारात आलेल्यालाही परत पाठवायचं नाही. एकाच बाईने शाळाही सांभाळायची आणि चार जणांचा स्वयंपाकही करायचा, तसंच. यात कुठेतरी ओढाताण होणारच.

ती होतेही. घटनेतल्या मोठ्या प्रश्नांसाठी किमान पाच न्यायाधीशांचं घटनापीठ बसावं लागतं. साठच्या दशकात अशी घटनापीठं वर्षाला शंभराहून अधिक निकाल देत होती. २००० नंतरच्या दशकात ती संख्या वर्षाला दहाच्या आत आली. केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीश अडुसष्ट दिवस ऐकत बसले होते, ऑक्टोबर १९७२ ते मार्च १९७३. आज तेरा न्यायाधीश पाच महिने बाजूला बसवायचे म्हटलं, तर इकडे किती हजार अर्ज तुंबतील याचा हिशेब करा.

आणि हे अर्ज येतात तरी कुणाचे? सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे सरकार. देशातल्या जवळजवळ निम्म्या खटल्यांत एक बाजू सरकारची असते. एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या पेन्शनवरून सरकारी खातं दिल्लीपर्यंत जातं, आणि तिलाही मग जावं लागतं. आपण घरी पोरांना सांगतो की एकमेकांत मिटवा. ते या थोरल्याला कोण सांगणार?

मामला छोटा, माणूस मोठा

डिसेंबर २०२२ मधली गोष्ट. तेव्हाचे कायदामंत्री किरेन रिजिजू राज्यसभेत म्हणाले, की इतके खटले पडून असताना सुप्रीम कोर्टाने जामिनाचे अर्ज आणि फुटकळ जनहित याचिका ऐकत बसू नये. त्यानंतर लगेचच सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्यासमोर उत्तर प्रदेशातल्या हापूडचा एक माणूस उभा राहिला, म्हणजे त्याचा अर्ज. वीजखात्याचं सामान चोरल्याचे नऊ खटले त्याच्यावर होते. प्रत्येकात दोन वर्षांची शिक्षा. या शिक्षा एकत्र भोगायच्या असं खालच्या कोर्टाने सांगितलं नाही, त्यामुळे तुरुंगाने त्या एकापुढे एक लावल्या. झाली अठरा वर्षं! तारा आणि सामान चोरल्याबद्दल अठरा वर्षं. हायकोर्टातही दाद लागली नाही. सुप्रीम कोर्टाने सगळ्या शिक्षा एकाच वेळी भोगायच्या असं ठरवलं आणि तो सुटला. त्या निकालात असं म्हटलं आहे, की या कोर्टापुढे कुठलंही प्रकरण लहान नसतं आणि अशा साध्या दिसणाऱ्या गाऱ्हाण्यांसाठीच तर कोर्ट आहे. कायदामंत्र्यांचं गणित चुकीचं नव्हतं हो. पण त्या माणसाच्या बायकोला विचारा.

आपल्या बायकांच्या बाबतीतही असंच घडत आलं. शाहबानो हे नाव तुम्ही ऐकलं असेल. इंदूरची बासष्ट वर्षांची बाई. १९७८ च्या एप्रिलमध्ये तिने पोटगीसाठी अर्ज केला, महिना पाचशे मागितले. मॅजिस्ट्रेटने दिले पंचवीस. हायकोर्टाने वाढवून दिले एकशे एकोणऐंशी रुपये वीस पैसे. नवरा स्वतः वकील. तो या वीस पैशांसकट सुप्रीम कोर्टात गेला. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने २३ एप्रिल १९८५ ला निकाल दिला, लिहिला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी, म्हणजे आपल्या पुण्याच्या. तिची पोटगी कायम झाली. त्यानंतर देशात काय गदारोळ झाला आणि १९८६ मध्ये कसा नवा कायदा आला, तो वेगळ्या लेखाचा विषय. मला यातलं लक्षात राहिलं ते एवढंच, की एकशे एकोणऐंशी रुपयांचा हिशेब लागायला सात वर्षं गेली.

पोटगीचाच आणखी एक निकाल लक्षात ठेवण्यासारखा आहे आणि तो आपल्या नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेला. तिथे बायको-मुलाला अंतरिम पोटगी मंजूर झाली २०१३ साली. नवरा भांडत भांडत दिल्लीपर्यंत गेला. निकाल लागला ४ नोव्हेंबर २०२० ला. त्या एका प्रकरणावरून कोर्टाने सगळ्या देशासाठी नियम घालून दिले. पोटगीच्या दाव्यात दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. आणि पोटगी मोजायची ती निकालाच्या तारखेपासून नाही, तर अर्ज केला त्या तारखेपासून. हे दुसरं फार महत्त्वाचं. पूर्वी नवऱ्याने जेवढं लांबवावं तेवढा त्याचाच फायदा होत असे.

दिल्लीला जायचं ते कोर्ट बदलायला

आता त्या भागाकडे येते, ज्याने माझा चहा गार झाला.

सुप्रीम कोर्टाच्या त्या ढिगात आपल्या बायकांच्या नावाचा एक गठ्ठा असतो. त्याला म्हणतात ट्रान्स्फर पिटिशन, खटला दुसरीकडे हलवण्याचा अर्ज. नोव्हेंबर २०२२ मध्ये खुद्द सरन्यायाधीशांनी सांगितलं, की लग्नाच्या भांडणांतले असे तीन हजार अर्ज पडून आहेत, म्हणून प्रत्येक न्यायपीठ रोज सकाळी आधी असे दहा अर्ज आणि मग दहा जामिनाचे अर्ज घेईल. तेव्हा तेरा पीठं बसत होती. म्हणजे रोज एकशेतीस!

हे होतं कसं? समजा लग्न होऊन तुम्ही परराज्यात नांदायला गेलात. पटलं नाही, मूल घेऊन माहेरी आलात. नवऱ्याने तिथल्या कोर्टात घटस्फोटाचा किंवा ‘बायकोने नांदायला यावं’ म्हणून दावा लावला. हिंदू विवाह कायद्याप्रमाणे दोघं शेवटी जिथे एकत्र राहिले तिथे दावा लावता येतो, तेव्हा त्याचं काही चुकलं नाही. पण तारखेला तुम्ही जायचं कसं? दोन्ही गावं एकाच राज्यात असतील तर खटला हलवायला हायकोर्ट पुरतं. राज्य बदललं की ते फक्त सुप्रीम कोर्टाच्या हातात. दिवाणी कायद्यात १९७६ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून असं आहे.

माझ्या ओळखीतल्या एकीवर हीच वेळ आली. सातारा जिल्ह्यातलं माहेर, वडील नाहीत, आई दम्याची, मुलगा बालवाडीत. समन्स आलं सहाशे किलोमीटरवरच्या शहरातून. पहिल्या तारखेला भावाला घेऊन गेली. दोन रात्री प्रवास, एक दिवस धर्मशाळेत, आणि कोर्टात पाच मिनिटांत पुढची तारीख. दुसऱ्या तारखेला मुलाला गोवर. तिसऱ्या वेळेस भावाला रजा मिळेना. कुणीतरी सांगितलं, दिल्लीत अर्ज करावा लागेल. ती मला म्हणाली, “ताई, सहाशे किलोमीटर जमत नाही म्हणून चौदाशे किलोमीटरवर जायचं का गं?” मला काय उत्तर देणार! तिने बांगड्या मोडून वकील केला. पहिल्याच वेळी तिथल्या खटल्याला स्थगिती मिळाली. पण नवऱ्याला नोटीस पोचणं, त्याचं उत्तर येणं यात वर्षाच्या वर गेलं. शेवटी खटला साताऱ्याला आला. दिल्लीत तिच्या अर्जावर सगळी मिळून बोलणी झाली असतील आठ-दहा मिनिटं, तीही वकिलांची. तिला स्वतःला एकदाही जावं लागलं नाही.

कोर्ट अशा वेळी बायकोच्या सोयीकडे पाहतं, हे खरं. २०२२ च्या एका निकालातही साधारणपणे पत्नीची अडचण आधी बघावी असं म्हटलं आहे. पण गृहीत धरू नका. २००६ मध्ये एका बाईने हाच अर्ज केला होता: सहा वर्षांचं मूल आहे, एकटीने प्रवास जमत नाही. त्या निकालात कोर्टाने म्हटलं, की बायकांना सवलत मिळते म्हणून असे अर्ज फार येऊ लागले आहेत, प्रवेशाच्या दर दिवशी प्रत्येक पीठापुढे सरासरी दहा-पंधरा. मुलाला आजी-आजोबा आहेत, नवरा तिचा आणि सोबत येणाऱ्याचा खर्च द्यायला तयार आहे, तेव्हा तिने जावं. अर्ज नामंजूर. खटल्यांच्या गर्दीचा परिणाम असा कधी कधी आपल्याच अंगावर येतो. गठ्ठा मोठा झाला, की त्यातली प्रत्येक बाई सारखीच दिसायला लागते.

माझं स्पष्ट मत सांगू? पाच वर्षांच्या मुलाच्या आईने कुठल्या गावी हजर व्हायचं, हे ठरवायला देशाचं सर्वांत मोठं कोर्ट लागू नये. २०१९ मध्ये नियम बदलून असे अर्ज एकट्या न्यायाधीशानेही ऐकावेत अशी सोय केली गेली, ती चांगलीच. पण दिल्ली ती दिल्लीच. २००९ मध्ये विधी आयोगाने सुचवलं होतं, की घटनेचे प्रश्न दिल्लीत ठेवा आणि साध्या अपिलांसाठी देशाच्या चार दिशांना चार पीठं करा. त्यात पश्चिमेला मुंबई होती. घटनेच्या १३० व्या कलमात तशी वाटही आहे. सुप्रीम कोर्टाला ते मान्य झालं नाही. कोर्ट तुकड्यांत विभागलं तर त्याचं वजन जाईल, असं म्हणणं. असेलही. पण दिल्लीजवळच्या राज्यांतून अपिलं जास्त जातात आणि लांबच्या राज्यांतून कमी, याचा अर्थ लांबच्या लोकांना न्याय जास्त मिळतो असा तर नाही ना? कोल्हापूरला १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई हायकोर्टाचं फिरतं पीठ सुरू झालं, तेव्हा सांगली-सोलापूर-रत्नागिरीकडच्या लोकांनी पेढे का वाटले, ते मुंबईला एका तारखेसाठी रात्रीची एस.टी. पकडणाऱ्याला विचारा.

जाता जाता बायकांचाच विषय निघालाय म्हणून सांगते. १९५० पासून एकोणचाळीस वर्षं त्या कोर्टात एकही स्त्री न्यायाधीश नव्हती. १९८९ मध्ये फातिमा बीबी आल्या. तेव्हापासून २०२१ पर्यंत सगळ्या मिळून अकरा. त्यांत आपल्या मुंबईच्या सुजाता मनोहर आणि रंजना देसाई. अमेरिकेत २०२२ पासून नवांत चौघी आहेत.

तुमच्यावर वेळ आलीच तर

येऊ नये, पण आपल्या भाचीवर, कामाला येणाऱ्या बाईवर येऊ शकते. तेव्हा चार गोष्टी माहीत असाव्यात.

सगळ्यांत पहिली: १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. तिची कमाई किती, माहेर श्रीमंत की गरीब, हे पाहत नाहीत. स्त्री आहे, एवढं पुरतं. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं कार्यालय असतं, जिल्ह्याला प्राधिकरण असतं, आणि दिल्लीसाठी सुप्रीम कोर्टाची स्वतःची समिती आहे. १५१०० हा फोन नंबर देशभर फुकट चालतो. माझ्या त्या ओळखीच्या मुलीला हे कुणी सांगितलंच नव्हतं. नाहीतर बांगड्या वाचल्या असत्या.

दुसरं, समन्स आलं की ते देवाच्या फोटोमागे खोचून ठेवू नका. हजर राहिला नाहीत तर एकतर्फी निकाल लागू शकतो. दिल्लीत अर्ज केला म्हणून इथला खटला आपोआप थांबतो असंही नाही. त्याला वेगळी स्थगिती मिळावी लागते. ती मिळेपर्यंत तारखेला वकिलाकरवी का होईना हजेरी लागली पाहिजे.

पोटगीसाठी मात्र दिल्लीबिल्ली काही नको. तुम्ही जिथे राहता तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो, आणि तो जितक्या लवकर कराल तितका बरा. कारण वर सांगितलंच. अर्ज दिल्लीत असेल तर त्याचा डायरी नंबर वकिलाकडून मागून घ्या. मोबाइलवर कोर्टाच्या वेबसाइटवर तो घातला, की प्रकरण कुठवर आलं आणि पुढची तारीख कोणती ते घरबसल्या दिसतं. काही निकालांची मराठी भाषांतरंही तिथे ठेवलेली असतात. वकील काय सांगतात ते ऐकावंच, पण आपल्या डोळ्यांनीही बघावं.

आणि कागद. लग्नाचा दाखला, नसेल तर पत्रिका आणि फोटो; समन्स आणि नवऱ्याच्या दाव्याची पूर्ण प्रत; मुलाचा शाळेचा दाखला; स्वतःच्या किंवा सांभाळाव्या लागणाऱ्या आईवडिलांच्या आजारपणाचे कागद; तुम्ही इथे आधीच पोटगीचा किंवा छळाचा अर्ज केला असेल तर त्याचा नंबर, कारण दोन खटले एकाच गावी चालावेत हे कोर्टाला पटतं. शिवाय दोन गावांतलं अंतर किती, थेट गाडी आहे की बदलावी लागते, एका खेपेला किती तास आणि किती पैसे लागतात, हे एका कागदावर लिहून न्या. वकील तो मजकूर जसाच्या तसा अर्जात घालतात. मागच्या तारखांना गेला असाल तर गाडीची तिकिटं टाकू नका. तीही एका पाकिटात घालून सोबत ठेवा.